नळीतून जातं तेही जेवणच आहे

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात नाकात नळी घातलेला पेशंट आहे, त्यांनी पूर्ण वाचा.

आपल्या देवळाली प्रवरात कुणी सिरियस झालं की लोणी, नगर, नाहीतर थेट पुणे. पॅरालिसिस, डोक्याला मार, तोंडाचा कॅन्सर... गिळता येत नाही म्हणून नळी टाकतात. मग नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी पडते, 'पावडरचा डबा आणा'. कुठला, ते बऱ्याचदा मेडिकलच्या काउंटरवर ठरतं. शुगर आहे? मग डायबेटिकवाला घ्या. किडनीचा वेगळा, लिव्हरचा वेगळा. नाव बदललं की किंमतही वाढते, आणि घाबरलेला माणूस महागातला उचलतो.

अमेरिकेतल्या अतिदक्षता आणि पोषणतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ सालीच सांगून ठेवलंय की आयसीयूत सुरुवात साध्या फॉर्म्युल्याने करा, आजाराच्या नावाचे खास डबे सरसकट वापरू नका. खास डबा कधीच लागत नाही असं नाही. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम फार वाढलं तर लागू शकतो. पण डायलिसिस चालू असेल तर प्रोटीन कमी नाही, जास्त लागतं. तिथे कमी प्रोटीनचा 'किडनीवाला' डबा उलटा पडू शकतो. हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञानेच ठरवायचं. आणि नुसती प्रोटीन पावडर म्हणजे पूर्ण आहार नाही, हेही विचारून घ्या. डबे दिसायला सारखेच असतात.

आता हिशोब बघा. ५० किलोच्या पेशंटला दिवसाला साधारण १२५० कॅलरी लागतात. पावडरच्या १०० ग्रॅमला ४५० च्या आसपास मिळतात. म्हणजे रोज पावणेतीनशे ग्रॅम! ४०० ग्रॅमचा डबा दीड दिवसही पुरत नाही. आपल्याकडे तोच डबा पंधरा दिवस पुरवतात, दोन चमचे पावडर आणि तांब्याभर पाणी. बाकी वेळ डाळीचं पाणी. पोट भरल्यासारखं वाटतं, पण माणूस उपाशीच असतो. मग अंगावर जखमा होतात, ताकद जाते आणि आपण म्हणतो आजारानेच खचला. घरचंही चालतं, पण मोजून, घट्टसर, गाळून आणि ताजं. कसं करायचं ते सुनेला किंवा मुलाला दवाखान्यातच शिकवायला हवं.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. कायद्याने ही पावडर औषध नाही, अन्न आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत ती 'विशेष वैद्यकीय अन्न' म्हणून येते आणि वैद्यकीय सल्ल्यानेच वापरा, असं डब्यावर छापावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये भरती पेशंटचं जेवण धरलेलं आहे. मग तोंडाने खाणाऱ्याला ताट फुकट आणि नळीवाल्याच्या घरच्यांनी डबे विकत आणायचे, हा कुठला न्याय? ज्याला चावता येत नाही त्याचं जेवण जेवण नाही का?

योजनेतल्या पेशंटसाठी डबा बाहेरून आणायला सांगितला तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. बिल जपून ठेवा. आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: कुठला फॉर्म्युला, रोज किती ग्रॅम, किती पाण्यात, दिवसातून किती वेळा. आपल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी ही मागणी लावून धरावी. कुणाला असा अनुभव आला असेल तर पेशंटचं नाव न टाकता कमेंटमध्ये लिहा, एकत्र निवेदन देऊ.