कुत्र्याला वंशावळ, माणसाला हजेरी

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं. नांदेड-लातूरकडच्या वाचकांना हे नवं नाही. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल, आणि कडेला कुत्री. मीही गेलो होतो, रात्रपाळी करून, न झोपता. तिथं एक कारवानी उभा होता. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, पाय असे की आत्ता मोडतील. गळ्यात रेशमी पट्टा. मालक पांढऱ्या कपड्यात. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर कुत्र्याचा बाप, बापाचा बाप, आई, आईची आई.

मी विचारलं, साहेब, ह्यांना पळायला कुणी शिकवलं?

तो म्हणाला, ही आमच्या आजोबांची लाइन आहे.

मी म्हटलं, आजोबा स्वतः पळत होते का कुत्र्यामागं?

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग चपलेकडं पाहिलं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

त्यानं दिलं नाही ते उत्तर मी देतो. पळत होता माझा आजा.

बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाड्यात सात कुत्री होती. आजा दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागं होता. त्याच्या आधी त्याचा बाप होता. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला गेलं. वाड्यातली कुत्री तीच राहिली आणि दोरी धरणारा हातही तोच राहिला. पहाटे कुत्र्यांसाठी दूध आणि ज्वारीच्या भाकरीचा काला व्हायचा. तो आज्याला वरून ओतून मिळायचा, परातीला हात लागू नये म्हणून. कुत्रं ओसरीवर चढायचं, माजघरात जायचं, देशमुखीणबाईच्या पदराला तोंड पुसायचं. आजा जोत्याखाली उभा. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती ह्यासाठीच. त्या तळ्यात कुत्र्याला मज्जाव नव्हता, माणसाला होता. हे आपण भाषणात शंभरदा ऐकलंय. माझ्या घरात ते भाषण नव्हतं, रोजची पहाट होती.

पण मला आज गुलामीबद्दलच लिहायचं नाही. ती लिहून झाली, आपल्यातल्या मोठ्यांनी लिहिली. मला आज्याच्या हुन्नराबद्दल लिहायचंय, कारण तो चोरीला गेलाय आणि चोर बक्षिसं घेतोय.

ज्वारी निघाली की माळ मोकळा पडायचा. आमच्याकडचा माळ ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो : मुरूम, कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधेच नाल्याची घळ, उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही. कुत्री रात्री अर्धपोटी ठेवायची. तांबडं फुटायच्या आत निघायचं, कारण नऊ वाजता ऊन चढलं की हे कुत्रं मरतं. ते उन्हातलं आहे हे खरं, पण जिवाच्या कराराने पळालं की आतून तापतं. वाघरात धरलेल्या जनावरासारखं ते तडफडत नाही, नुसतं बसतं आणि उठत नाही. आजा सांगायचा, "धापा टाकतंय तवर पाणी दावू नगं. आधी व्हट वले कर."

दोन कुत्री एका दोरीत. दोरी गळपट्ट्याच्या कडीतून नुसती ओवलेली, गाठ नाही, दोन्ही टोकं मुठीत. एक टोक सोडलं की दोन्ही कुत्री एका दमात मोकळी. महारवाड्या-मांगवाड्यातली माणसं ओळीनं काठ्या आपटत हाका घालत पुढं. ससा उठला. इथं अडाणी माणूस लगेच सोडतो. आजा सोडत नसे. ससा चाळीस-पन्नास पावलं जाऊ द्यायचा. जवळ सोडलं तर कुत्रं आपल्याच जोरानं पुढं निघून जातं आणि ससा पहिल्या मुरक्याला त्याच्या मागं. देशमुख घोड्यावरून ओरडायचा, सोड रं, सोड! आजा ऐकू न आल्यासारखं करायचा. त्याच्या सगळ्या जन्मात देशमुखाचा हुकूम न ऐकायची ती एवढीच जागा. मी हे लिहितो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

हे कुत्रं वासावर चालत नाही, नजरेवर चालतं. ससा घळीत गेला आणि दिसेना झाला की ते मागच्या दोन पायांवर उभं राहून गवतावरून बघतं. जोडीतलं एक सरळ पाठीवर जाणारं लागतं आणि एक आडवं कापणारं. एक सशाला वळवतं, दुसरं उचलतं. दोन्ही सरळ पळणारी असली तर ससा घरी जातो. कुणाची जोडी कुणाशी, हे आज्याला ठाऊक होतं. देशमुखाला नावंच तेवढी ठाऊक होती, तीही त्यानंच ठेवलेली म्हणून. पिल्लं आज्यानं निवडली. म्हाताऱ्या कुत्रीमागं पिल्लं सोडायची, कोणतं मागं वळतं, कोणतं काटा मोडला तरी थांबत नाही, ते बघायचं. ते ठेवायचं, बाकीची वाटून टाकायची. कोणत्या कुत्रीला कोणता कुत्रा दाखवायचा हेही त्यानंच ठरवलं. संध्याकाळी पंजे धरून बसायचं, बाभळीचा काटा काट्यानंच काढायचा, तेल-हळद भरायची. सशाचं मांस वाड्यात. आज्याला मुंडकं आणि पाय.

आता मला सांगा, वंश कुणी घडवला? कागदावर शिक्का मारणाऱ्यानं, का पंजा मांडीवर घेणाऱ्यानं? साहेबांच्या आणि नबाबांच्या पदरी ह्या कामाला डोरिया म्हणायचे, डोर धरणारा. म्हणजे नाव दोरीवरून पडलं. माणसाला तेवढंही नाही.

मुधोळचं बघा. मुधोळ आता कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या राजानं, मालोजीराव घोरपड्यांनी, ह्याच जातीची पिल्लं पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली आणि कुत्र्याला संस्थानाचं नाव लागलं : मुधोळ हाउंड. पण राजानं ही कुत्री आधी कुणाकडं पाहिली? रानात शिकार करणाऱ्या बेडर लोकांकडं, असं तिकडचेच लोक सांगतात. बेडर म्हणजे आपले बेरड. त्याच मुधोळ भागातल्या हलगलीच्या बेडरांनी 1857 साली हत्यारं सरकारजमा करायला नकार दिला. इंग्रजांच्या फौजेनं गाव जाळलं आणि 19 जणांना फाशी दिली. शिकाऱ्याला फास आणि शिकारीच्या कुत्र्याला राजवाडा. पुढं 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. 2016 साली लष्करानं पिल्लं मेरठला शिकवायला नेली. फाशी गेलेल्यांचं तिकीट मी अजून पाहिलेलं नाही.

आणि हे काही इंग्रजांपासून सुरू झालेलं नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळ आणि श्वपचांना गावाबाहेर घालवतो आणि त्यांचं धन काय तेही ठरवून देतो : कुत्री आणि गाढवं. म्हणजे ज्या कुत्र्यांना आज पदकं मिळतात ती शास्त्रानंच आमच्या नावावर केलेली इस्टेट आहे! 25 डिसेंबर 1927 ला ते पुस्तक महाडला जाळलं ते बरंच झालं, नाहीतर मी ते घेऊन प्रदर्शनात हिस्सा मागायला गेलो असतो. एकलव्याची गोष्टही नीट वाचा. पांडव शिकारीला निघाले, त्यांचं कुत्रं पुढं आलं आणि काळ्या, कातडं पांघरलेल्या निषादावर भुंकलं. त्यानं बाणांनी त्याचं तोंड बंद केलं, जखम न करता. मग अंगठा गेला. आपण अंगठ्यावर खूप कविता केल्या, मीही केल्या. पण ते कुत्रं कुणी पाळलं, रानात कुणी आणलं, ते आपण विचारलं नाही. राजपुत्र काही त्याचा काला करत नसतील.

साऱ्या जगात कुत्रा आणि जमीन ह्यांची गाठ आहे. इंग्लंडात रिचर्ड दुसऱ्याच्या काळात कायदाच झाला : वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसेल त्यानं ग्रेहाउंड पाळायचा नाही. अरबांच्या वाळवंटात मात्र दुसरी तऱ्हा. तिथं इतर कुत्रं नापाक, पण सलुकी, जो ह्या आपल्या कारवानीचा भाऊबंद शोभतो, तो बदूच्या तंबूत झोपतो. मात्र तिथं तंबूही त्या शिकाऱ्याचाच असतो. आमच्याकडं कुत्रं वाड्यात आणि शिकारी उकिरड्यापाशी.

भटक्यांचं तर विचारूच नका. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला होता. तिरुमल नंदीवाले कुत्र्यांनी रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरायचे. वैदूंची धरण्याची जनावरं बारकी, मुंगूस, खार, रानमांजर असली. फासेपारधी फास लावून काळवीट, तितर धरायचे. तिघांनी एकाच माळावर आपापला वाटा ठरवून घेतला होता, एकानं दुसऱ्याच्या जनावराला हात लावायचा नाही. आणि ह्यांच्यातल्या पारध्यांसारख्यांना 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार केलं. कुत्र्याच्या पोटी जन्मला तर जातिवंत आणि पारधिणीच्या पोटी जन्मला तर गुन्हेगार. नोंद दोघांचीही. एकाची वंशावळीच्या वहीत, दुसऱ्याची ठाण्याच्या. शाहू महाराज स्वतः शिकारीचे शौकीन, पण त्यांनी फासेपारध्यांना काम दिलं, आसरा दिला, आणि 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली. म्हणजे करता येत होतं. बाकीच्या राजांनी फक्त कुत्री पाळली.

तो कायदा देशात 31 ऑगस्ट 1952 ला गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. 30 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांचं कौतुक केलं, मुधोळचं नाव घेतलं, लोकांनी देशी कुत्री पाळावीत म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी विमुक्त दिन होता. आमच्या वस्तीच्या पलीकडं वैदूंची चार पालं आहेत. त्यांनी दोन्ही दिवस भंगार गोळा केलं.

आता आपल्यातल्यांशी भांडतो. चळवळीतले एक वडीलधारे मला म्हणाले, "पोरा, कुत्र्यांवर काय लिहितोस? बाबासाहेबांनी मेलेलं ढोर सोडायला लावलं. हाका, शिकार, वाड्याची चाकरी, ती सगळी घाण आहे. विसर." मी त्यांच्या पाया पडतो आणि ऐकत नाही. हाका गुलामी होती, कबूल. पण दोरी कधी सोडायची ते कळणं गुलामी नव्हती. आपण घाण म्हणून दोन्ही फेकलं आणि पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं अर्धं उचलून नेलं.

आणि विसर म्हणता, पण हाका गावं विसरली नाहीत. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत सोडलं नाही. माणसं रात्री ज्वारीत लपली आणि त्यांना ओळ धरून, काठ्या आपटत उठवलं, असं माझी आजी सांगायची. ती ओळ धरायला गावाला कुणी शिकवलं? आमच्याच बापजाद्यांच्या अंगावर गाव ती ओळ शिकलं. आजा त्या दिवसापासून कुत्र्यांबद्दल बोलायचा बंद झाला. नामांतर 14 जानेवारी 1994 ला झालं. त्यानंतर खूप वर्षांनी, मी शाळेत असताना, तो पुन्हा बोलायला लागला. तेही संध्याकाळी, पाय चेपून घेताना.

कुणी म्हणेल, ह्याला शिकार परत पाहिजे. मुळीच नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं शिकार पुरती बंद झाली, आणि काळवीट माळावर राहिलं पाहिजे असं मलाही वाटतं. पण वाड्याच्या भिंतीवर काळविटाची शिंगं अजून आहेत आणि पारध्याच्या पालातलं तितर केसला पुरतं, एवढं लक्षात ठेवा. मी शिंगं मागत नाही. कुत्र्याच्या कागदावर बापाचं, आज्याचं नाव येतं, तिथं खाली एक ओळ मागतो : कुणी पळवलं.

आजा गेला त्याच्या आदल्या दिवाळीत मी त्याला वाड्यातल्या कुत्र्यांची नावं विचारली. त्यानं सातही सांगितली, बिजली आणि वाघ्या ही जोडी पहिली. मग मी हाक्यातल्या माणसांची विचारली. त्यानं डोळे मिटले आणि ओळीत डावीकडून उजवीकडं सांगत गेला, कोण कुठं उभा राहायचा तसं. अकरा नावं. एकजण सापानं गेला, एकजण मुंबईला गेला तो आलाच नाही, दोघं 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेले. मी वहीत लिहून घेतलं.

संपादकांना सांगणं आहे, पुढच्या अंकात अर्धं पान मोकळं ठेवा. नावं त्याच ओळीनं छापायची आहेत, डावीकडून उजवीकडं. आज्याचं नाव शेवटी घाला, तो ओळीच्या मागं असायचा, कुत्री धरून.