ढोलीतील संसार

कोल्हापूर-सांगलीकडून आंबा घाट उतरून साखरप्याला आलेली गाडी देवरुखकडे वळली, की दुकानांच्या पाट्या विरळ होतात आणि रस्त्यावर सावली येते. देवरुखाहून मारळच्या दिशेने गेल्यास सह्याद्रीचा कडा समोर उभा राहतो. माथ्यावर चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान. पायथ्याशी रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्या आणि त्यांना लागून असलेले जंगल. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात मुक्कामाची सोय करणारी घरे आता सापडतात. काचेच्या भिंतींचे विश्रामगृह येथे अपेक्षू नये. कौलारू छप्पर, सारवलेले अंगण, पडवीतील बाज आणि ताटात तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी, एवढाच थाट. भोजन सूर्यास्तापूर्वी हवे, कंदमूळ व लसूण नको आणि स्वयंपाक शाकाहारी घरातलाच हवा, हे मात्र आधी स्पष्ट सांगून ठेवावे. जंगलाकाठच्या घरांचा दिनक्रम तसाही सूर्याबरोबरच आटोपतो.

सकाळी पडवीत बसलेल्या पाहुण्याला पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतो. वाफेचे जुने इंजिन धापा टाकीत जावे तसा आवाज माथ्यावरून सरकतो, आणि मान वर करेपर्यंत महाधनेश पलीकडच्या उंबरावर पोहोचलेला असतो. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १ मीटर लांबी, पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास, पिवळी बाकदार चोच आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखा फुगवटा. त्याच्या पंखांतील मोठ्या पिसांचा तळ खालून लहान पिसांनी झाकलेला नसतो. त्या फटींतून हवा घुसते, म्हणून हा धापांचा आवाज. मुंबईच्या फोर्ट भागात जाणाऱ्यांनी हा पक्षी पाहिला आहे, फक्त ओळखलेला नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते बोधचिन्ह. ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत संस्थेच्या कार्यालयातच मुक्कामाला होता, आणि आजच्या इमारतीचे नावही ‘हॉर्नबिल हाउस’ असेच आहे.

त्याचा संसार मात्र पाहण्यापेक्षा समजून घेण्यासारखा आहे. फाल्गुनाच्या सुमारास मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा चोथा यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढी उभी फट. अंडी एक किंवा दोन. ती उबवण्यास सुमारे ४० दिवस. याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात, म्हणजे बाहेर पडायचे ठरवले तरी तिला उडता येणार नाही. नर दिवसातून अनेकदा येतो, गळ्यात साठवलेली वड-उंबराची फळे एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. (धनेश निव्वळ फलाहारी आहे, असा समज करून घेऊ नये. पिल्ले वाढू लागली की सरडे आणि किडेही आत जातात. आपली व्रते जंगलावर लादण्यात अर्थ नाही.) त्याचा लहान भाऊबंद कवड्या धनेश तर काजऱ्याचीही फळे खातो. काजऱ्याची विषारी बी औषधांच्या बाजारात कुचला म्हणून विकली जाते. पक्षी गर तेवढा घेतो आणि बी रानात टाकतो.

तीन-चार महिने सारे कुटुंब त्या एका नरावर आणि त्या एका झाडावर अवलंबून असते. नराची शिकार झाली तर आतली मादी व पिल्ले उपाशी राहतात. झाड पडले तर तेवढाही अवधी मिळत नाही.

झाडाचा प्रश्न अवघड आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अत्यल्प. गावोगावच्या देवराया सोडल्या तर बहुतेक झाडी खासगी मालकीची. धनेशाचे भवितव्य वनखात्याच्या फाइलीपेक्षा चार भावांच्या वाटणीत अधिक ठरते. ढोली होते ती बेहडा, सातवीण, रायवळ आंबा अशा वयोवृद्ध झाडांना. लाकूड ठेकेदाराच्या वहीत पोकळ बेहड्याला किंमत नाही. फळी निघत नाही, म्हणून तो जळाऊ लाकडात वजनावर जातो. लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती अशा वेळी मालकाला ती रक्कमही नाकारवत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे शहरात बसून फार सोपे आहे.

येथे व्यापारी वाचकाचा संबंध येतो. बेहडा हा त्रिफळ्याचा एक घटक. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने उत्तर सह्याद्रीत बेहडा आणि हिरडा गोळा करण्याची पद्धत ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बसवली. झाड व फांद्या तोडायच्या नाहीत, काही फळे जंगलासाठी सोडायची, गोळा करणाऱ्याला रास्त भाव द्यायचा. आणि या मालाला ब्रिटनमधील वनौषधी कंपनीचे गिऱ्हाईक मिळाले. एकदाच विकला जाणारा माल आणि दरसाल हाती येणारा माल यांतील फरक पेढीवर बसणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. खरेदी करताना माल कोणत्या रानातून आला, हे विचारण्याची सवय आपल्या बाजारात अजून नाही, एवढेच.

पाहुण्याचे मुक्कामाचे पैसे हे दुसरे उत्पन्न. याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळासने ते करून दाखवले. तेथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून सागरी कासवांची अंडी जपली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुणे गावातल्या घरांतूनच उतरू लागले. किनाऱ्यावर हे जमले, कारण पिल्ले समुद्राकडे निघाली की माणसांनी दोरीपलीकडे उभे राहायचे असते. ढोलीपाशी दोरी नसते. छायाचित्रासाठी झाडाखाली तासभर थांबलेला हौशी पाहुणा नराला दूर ठेवतो आणि आतली मादी तेवढा वेळ उपाशी राहते. ढोलीच्या झाडाखाली नेण्याचे आश्वासन देणाऱ्या घरापेक्षा ‘लांबूनच पाहावे लागेल’ असे सांगणारे घर निवडावे. फळांनी लगडलेल्या उंबरासमोर बसले तरी धनेश दिसतो. नशिबात असेल तर शेकरूही.

आषाढातही हे घर उघडे असते. त्या दिवसांत पायवाटेवर जळवा, खेकडे, गोगलगाई आणि कारवीच्या काठीवर वेटोळे घालून बसलेला हिरवा चापडा यांची इतकी दाटी असते, की चातुर्मासात साधूंचा विहार का थांबतो ते पहिल्या शंभर पावलांत कळते. धनेशासाठी मात्र होळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत जावे. पहिल्या सरींच्या आसपास लिंपण फुटते, पिल्लू फांदीवर येते, आणि जूनअखेरीस जाणाऱ्याला बेहड्याच्या खोडावर एक रिकामे भोक तेवढे दिसते. ते भोक पुढच्या फाल्गुनात बहुधा त्याच जोडीला पुन्हा लागणार असते.