अद्भुताचे माहेर

गेल्या दिवाळीत वाशीम जिल्ह्यातील अनसिंग या गावी बहिणीकडे चार दिवस मुक्काम होता. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. सोयाबीन घरात आले होते, तूर शेतात उभी होती आणि आठवीत शिकणारा भाचा ओसरीवर एका जाडजूड पुस्तकात डोके खुपसून बसला होता. जेवणासाठी तीन हाका मारल्या, तरी तो उठेना. पुस्तक होते हॅरी पॉटरच्या कादंबरीचे मराठी भाषांतर. कोणा मित्राकडून आणलेले, पाने सुटलेले. रात्री अंगणात बसलो असता त्याने सहज विचारले, “मामा, हे तर माझं दोनदा वाचून झालं. आपल्याकडचं असं पुस्तक नाही का वो? जादूचं, लढाईचं, पण आपलं?”

मी उत्साहाने नावे सांगू लागलो आणि चौथ्या नावापाशी थबकलो. एक पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचे, दुसरे बाजारात सहजी न मिळणारे, तिसरे प्रौढांसाठीचे, चौथे तर मासिक, आणि तेही बंद पडलेले. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आज ठेवता येईल असे नवे, सकस, मराठीत लिहिलेले अद्भुताचे पुस्तक मला तत्काळ सुचेना. प्रश्न मुलाचा होता. निरुत्तर झाली होती ती आमची पिढी.

अशा प्रसंगी आपल्याकडील पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘ही विदेशी पुस्तके मुलांवर वाईट संस्कार करतात, ती हातातून काढून घ्या.’ ही प्रतिक्रिया सोपी आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. भुकेल्या मुलाच्या पुढ्यातील ताट ओढून घेणे म्हणजे त्याला जेऊ घालणे नव्हे. शिवाय ज्या लेखकांना आपण दोष देतो, त्यांनी नेमके काय केले हे तरी पाहावे. जे. आर. आर. टॉल्किन हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणांगणावर तो लढला होता. आपल्या इंग्लंडला स्वतःची म्हणावी अशी पुराणकथा उरलेली नाही, ही खंत त्याने बाळगली आणि उत्तर युरोपातील जुन्या भाषा, जुनी काव्ये धुंडाळून एक संपूर्ण कल्पित विश्व उभे केले. १९३७मध्ये ‘द हॉबिट’ आणि १९५४-५५मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड प्रसिद्ध झाले. १९९७ साली अवतरलेला हॅरी पॉटर हा त्याच मातीत उगवलेला पुढचा अंकुर. ज्यांच्यापाशी पुराण नव्हते, त्यांनी ते परिश्रमाने घडवले. ज्यांच्यापाशी होते, त्यांनी काय केले?

अनसिंगच्या नावाचा संबंध लोकपरंपरा शृंगऋषींशी जोडते. कपाळी शिंग असलेला, वनाबाहेरचे जग कधी न पाहिलेला हा विभांडकपुत्र. दुष्काळाने होरपळलेल्या अंगदेशात त्याचे पाऊल पडते आणि मेघ वर्षू लागतात. पुढे तोच दशरथासाठी पुत्रकामेष्टी करतो आणि रामकथेचा आरंभ होतो. एखाद्या विदेशी कादंबरीकाराला असा नायक मिळता, तर त्याने सात खंड लिहिले असते. पावसाची वाट पाहणाऱ्या या कोरडवाहू मुलखातील मुलाला शिंगधारी अश्व ठाऊक आहे. ज्याच्या नावाशी आपले गाव जोडले जाते, तो शिंगधारी ऋषी मात्र ठाऊक नाही.

दूर कशाला जा? वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत महाकवी होता. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह जेथे लावून दिला, ते नगर हेच वत्सगुल्म. जिथे साक्षात साहित्याचे लग्न लागले, तेथील मुलाने ‘आपलं पुस्तक नाही का’ असे विचारावे, याहून मोठी आत्मविस्मृती कोणती?

आणि गोदातीरीच्या पैठणची कथा तर अधिकच बोलकी आहे. सातवाहनाच्या सभेतील गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, असे परंपरा सांगते. राजाने ती तुच्छतेने नाकारली. कारण भाषा ग्राम्य, वेश रांगडा. व्यथित गुणाढ्य अरण्यात गेला, अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकू लागला. वनातील पशुपक्षी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजाला हे कळून तो धावत आला, तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष तेवढे हाती लागले. त्या परंपरेतूनच अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. विद्याधर, वेताळ, मायावी नगरे, आकाशयुद्धे आणि नरवाहनदत्ताचे चक्रवर्तिपद अशा अठरा लंबकांचा हा विराट पसारा. लंडनमध्ये त्याच्या इंग्रजी अनुवादाची दहा खंडांची सटीप आवृत्ती १९२४ ते १९२८ या काळात निघाली. आपल्या किती ग्रामीण वाचनालयांत त्याची एक तरी प्रत आढळेल?

सातवाहनाने केलेली चूक आपण आधुनिक काळात पुन्हा केली, असे मला वाटते. मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुतानेच गजबजलेला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. मात्र ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी दिलेले कारण विचार करायला लावणारे आहे. आपणा हिंदूंच्या नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे गुण नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. तेव्हा मनोरंजक लिहायचे तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय होता. पराभूत समाजाच्या मनाचा हा आरसा आहे. भोवतालचे जीवन नीरस मानून जे अद्भुत रचले जाते, त्याला मुळे फुटत नाहीत. १८७२मध्ये का. बा. मराठे यांनी नावल व नाटक यांवरील निबंधात या असंभाव्य कथानकांवर टीका केली, ती बऱ्याच अंशी योग्यच होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी समाजाचे दुःख कादंबरीत आणले आणि मराठी साहित्य प्रौढ झाले. त्याचे ऋण कोण नाकारील? परंतु वास्तव श्रेष्ठ ठरले, तेव्हा अद्भुत आपोआप हीन ठरवले गेले. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कथानकांना देशी इतिहासाचे कलम करून ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ लिहिल्या. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कायमचे अपंगत्व आलेल्या नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहून दोन पिढ्यांना साहसाची स्वप्ने दिली. वाचकांनी ती पुस्तके डोक्यावर घेतली. समीक्षेने त्यांना ओसरीवरच बसवले. त्यानंतर जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’सारख्या विलक्षण कथा लिहिल्या, नारायण धारपांनी गूढाचे स्वतंत्र दालन उघडले, रत्नाकर मतकरींनी मुलांच्या रंगभूमीवर चेटकीण आणली. २०१८मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ नव्या संचात आले, तेव्हा मोबाइलवर वाढलेल्या मुलांनी नाट्यगृहे भरून टाकली. भूक कायम होती, याचा याहून वेगळा पुरावा नको.

ही भूक अनेक वर्षे ‘चांदोबा’ने भागवली. १९४७मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९५२ साली मराठीत आले. त्यातील मांत्रिक, राक्षस, गुप्त मार्ग आणि युद्धे यांनी भरलेल्या धारावाहिक कथा आठवतात? त्यांतील कित्येक दासरी सुब्रह्मण्यम नावाच्या एका तेलुगू लेखकाने लिहिल्या होत्या. त्यांचे नाव मासिकात छापले जात नसे. आंध्रातील एक अनाम लेखक लिहितो आणि विदर्भातील खेड्यातले पोर पुढच्या अंकाची वाट पाहते; राष्ट्रीय एकात्मता यापेक्षा वेगळी काय असते? ते मासिकही गेल्या दशकाच्या प्रारंभी बंद पडले. आम्ही हळहळलो, आणि विसरलो.

काही जण म्हणतील, हे सारे पलायन आहे. मुलांनी विज्ञान वाचावे. विज्ञान वाचावेच. पण अद्भुताला पलायन म्हणणाऱ्यांनी भरतमुनींकडे पाहावे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात वीररसापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. पराक्रमाच्या परिसीमेतून विस्मय जन्मतो; अद्भुत हे वीराचे अपत्य आहे. ज्या समाजाला विस्मय वाटेनासा होतो, त्याला पराक्रमाचीही ओढ उरत नाही.

आपल्या अद्भुताचे वैशिष्ट्य आणखी एक आहे. येथे मंत्रशक्ती कोणालाही फुकट मिळत नाही. सौप्तिकपर्वातील तो प्रसंग पाहा. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो, कारण त्याच्यापाशी संयमाचे बळ आहे. अश्वत्थाम्याला सोडणे ठाऊक आहे, आवरणे साधत नाही. म्हणून ते अस्त्र उत्तरेच्या गर्भाकडे वळते. न्याय्य बुद्धीने पाहायचे तर टॉल्किनच्या कथेचेही सार हेच आहे : सत्तेची अंगठी वापरायची नसते, नष्ट करायची असते. थोर अद्भुतकथा कोणत्याही देशातील असो, ती शक्तीपेक्षा शक्तीच्या मर्यादेविषयी बोलते. अण्वस्त्रांच्या आणि यंत्रबुद्धीच्या युगात मुलांना याहून निकडीचा कोणता पाठ द्यायचा आहे?

२०१०मध्ये अमीश त्रिपाठी यांची ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही कादंबरी आली, ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने ती मराठीतही आली आणि शिवाला नायक करणारी साहसकथा लाखो तरुणांनी वाचली. तिच्यामागोमाग पौराणिक कादंबऱ्यांची लाट उसळली. याचे स्वागत करतानाच दोन कटू गोष्टी बोलल्या पाहिजेत. पहिली ही, की मुखपृष्ठावर त्रिशूळ आहे एवढ्याने पुस्तक चांगले ठरत नाही. देवांची नावे घ्यायची आणि त्यांना पाश्चात्त्य चित्रपटातील अतिमानवासारखे वागवायचे, ही आळशी उसनवारी आहे. आपलेपणाच्या नावाखाली सुमार लेखनाला टाळ्या देणे ही स्वत्वाची सेवा नव्हे. दुसरी गोष्ट आपल्याच माणसांसाठी. लेखकाने पुराणकथेला हात लावताच भावना दुखावून घेण्याची घाई आपण करतो. संत एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिताना वाल्मीकींची केवळ नक्कल केली नाही. आपल्या काळाची वेदना त्यात ओतली. श्रद्धा आणि प्रतिभा यांचे वैर आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते. ते आपण निर्माण करू नये. भयभीत लेखक अद्भुत लिहू शकत नाही.

मग करायचे काय? महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. गावोगावच्या आपल्या कार्यकर्त्यांनी या ग्रंथालयांचे सभासद व्हावे, ग्रंथखरेदीच्या वेळी मुलांना काय हवे ते मुलांनाच विचारावे आणि तशी मागणी नोंदवावी. नवे लेखन शोधण्याचीही सवय हवी. ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर शेकडो तरुण मराठीत धारावाहिक कथा लिहीत आहेत, त्यांत भरड पुष्कळ आहे, पण पाखडले तर दाणेही मिळतील. संपादकांनी ते पाखडावे, प्रकाशकांनी छापावे, समीक्षकांनी नाक न मुरडता त्यांचे परीक्षण लिहावे. दिवाळी अंकांनी एक तरी दीर्घ अद्भुतकथा नव्या लेखकाकडून लिहवून घ्यावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी आठवड्यातून एक रात्र कथा सांगावी. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

त्या रात्री अनसिंगच्या अंगणात मी भाच्याला शृंगऋषींची गोष्ट सांगितली, जमेल तशी. अंगदेशात पहिला थेंब पडला तेथे मी थांबलो. तो म्हणाला, “शिंग होतं म्हणून पाऊस पडला, का मन साफ होतं म्हणून?” हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटले, ते तूच शोध आणि लिहून काढ. दुसऱ्या दिवशी निघताना पाहिले, तर हॅरी पॉटरच्या पुस्तकाशेजारी एक कोरी वही उघडी होती आणि पहिल्या पानावर गावाचे नाव लिहिलेले होते.

गुणाढ्याचे एक लक्ष श्लोक वाचले, कारण राजा उशिरा का होईना, वनात धावत गेला. या वहीतील पाने जळू न देणे आपल्या हाती आहे.