खुशीने केलेली खिदमत

रमजानमध्ये आपल्याकडे माणसांची कमी नसते. इफ्तारचे वाटप, जकातीचे हिशेब, ईदच्या किराणा किट अशा प्रत्येक कामाला दहा हात पुढे येतात. ईद होते, शीरखुर्मा होतो. मग पुढच्या महिन्यात अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म कोण भरून देणार, असा मेसेज पडला की ग्रुपवर शांतता पसरते. नेहमीचे चार जण उठतात. काम होते, पण कपाळावर आठ्या घेऊन होते. गेल्या काही महिन्यांत अशा अनेक तरुण साथींकडून मी एकच प्रश्न ऐकला आहे: मन लागत नाही, तरी करत राहायचे का?

कोणी उत्तर देतो की अल्लाहचे काम आहे, मन लागो न लागो, करायचेच. दुसरा म्हणतो, मनात नसताना केले तर तो दिखावा, त्यापेक्षा घरी बसा. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

काम झाले की नाही, एवढ्यावर आपला दीन थांबत नाही. ते कसे झाले, हेही पाहतो. सूरह तौबाच्या ५४ व्या आयतीत मुनाफिकांचे वर्णन आहे. हे लोक नमाजला येतात, पण आळसत येतात. खर्चही करतात, पण नाइलाजाने करतात. म्हणजे हजेरी लागलेली आहे, पावतीही फाटलेली आहे, तरी ते कबूल नाही. ही आयत ज्यांच्या मनातच इन्कार होता त्यांच्याबद्दल आहे, थकलेल्या मोमिनबद्दल नाही. पण नाखुशीने दिलेल्या गोष्टीची किंमत काय, हे त्यातून कळते.

थकलेल्या माणसाशी प्रेषित मुहम्मद (स.) कसे वागले, हे पाहायचे तर बुखारीतली दोरीची हदीस आठवा. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की ती हजरत जैनब (र.) यांची आहे. नमाजमध्ये उभे राहून थकवा आला की त्या तिचा आधार घेत. प्रेषितांनी ती दोरी सोडायला सांगितली. उत्साह असेपर्यंत नमाज पढा, थकलात की बसा, असा त्यांचा सल्ला होता. स्वतःला दोरीला लटकवून केलेल्या इबादतीचे त्यांनी कौतुक केले नाही.

दुसरी घटना जे टीम चालवतात त्यांच्यासाठी आहे. हजरत मुआज बिन जबल (र.) आपल्या वस्तीत इशाची नमाज पढवत. एकदा त्यांनी सूरह बकरा सुरू केली. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून दमलेला एक माणूस मागे उभा होता. तो जमात सोडून गेला, वेगळी नमाज पढला. मुआज (र.) यांनी त्याला मुनाफिक म्हटले. तक्रार प्रेषितांपर्यंत गेली आणि त्यांनी कानउघाडणी केली ती मुआज यांची. मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाचे लोक असतात, लहान सूरह पढा, असे त्यांना सांगितले. आपल्या बैठकांमध्ये मात्र जो येत नाही, त्याच्या ईमानावरच बोट ठेवले जाते. त्याचा दिवस कसा गेला, हे कोणी विचारत नाही.

खुशी ही भावना हुकमावर येत नाही, हे खरे. पण काही गोष्टी आपल्या हातात असतात. किती काम घ्यायचे ते आपण ठरवू शकतो. समोरच्याशी कोणत्या सुरात बोलायचे ते ठरवू शकतो. आणि सगळ्यात आधी, हे कोणासाठी करतो आहोत, ते ठरवू शकतो. याच अर्थाने खुशी निवडता येते. माझ्या मते आपला खरा घोळ या तिसऱ्या गोष्टीत आहे.

जरा मोकळेपणाने बोलू या. आजच्या वातावरणात आपल्यातले अनेक तरुण खिदमतीकडे पुरावा म्हणून पाहू लागले आहेत. रक्तदान करा, म्हणजे ते म्हणतील मुसलमान चांगले असतात. पुरात मदत करा, म्हणजे बातमी येईल. मग बातमी येत नाही. किंवा येते आणि खाली कमेंटमध्ये शिव्या पडतात. मन कडू होते. एवढे केले तरी यांना काही नाही, असे म्हणून चांगला कार्यकर्ता घरी बसतो. त्याचा राग मी समजू शकतो. पण ज्या दुकानात माल विकायला ठेवला होता, तिथले गिऱ्हाईक रोज मूड बदलणारे होते. अशा सौद्यात खुशी टिकणार कशी?

सूरह दहरमध्ये (आयत ८ आणि ९) मिस्कीन, यतीम आणि कैदी यांना खाऊ घालणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांची भूमिका अशी की आम्ही हे अल्लाहसाठी करतो, तुमच्याकडून आम्हाला मोबदला नको आणि आभारही नकोत. आभाराची अपेक्षा सोडणे हा त्याग वाटतो, पण त्यातच सुटका आहे. ज्याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, त्याचा मूड बाहेरच्या कमेंटवर अवलंबून राहत नाही.

आणि नाखुशीचा भार शेवटी पडतो तो मदत घेणाऱ्यावर. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. काही दिवसांनी आम्ही पुण्याहून काही जण गाळ काढायला गेलो होतो. एका ठिकाणी दुसऱ्याच एका गटाचे वाटप सुरू होते. किट घेणाऱ्या प्रत्येकाला बॅनरसमोर उभे करून फोटो काढला जात होता. "चाचा, इकडे बघा, लवकर," असे एक मुलगा त्रासून ओरडत होता. रांगेतले एक वयस्कर गृहस्थ, अंगावर चिखलाने माखलेला पण इस्त्रीची सवय असलेला शर्ट, पुढे येऊन थांबले. बॅनरकडे पाहिले आणि किट न घेताच परत फिरले. त्यांच्या घरात तांदूळ नव्हता, हे त्यांच्या शेजाऱ्याने नंतर सांगितले. ज्या सदक्यामागून दुखावणे येते, त्यापेक्षा गोड शब्द बरा, हे सूरह बकराच्या २६३ व्या आयतीत आहे. त्या दिवशी तिचा अर्थ मला रांगेत उभा असलेला दिसला.

तिथेच गाळ काढणारी मुलेही होती. कमरेएवढ्या घाणीत फावडे मारत होती, एकमेकांची चेष्टा करत होती, आणि घरातल्या खालांना विचारत होती, "हे कपाट कुठे ठेवू?" घर कोणाचे, मालक कोण, याचे भान त्या प्रश्नात होते. काम तितकेच जड होते, पण मनात मोजमाप नव्हते.

खुशीने खिदमत करा म्हणजे अन्यायाबद्दल गप्प बसा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. रेशन कार्ड अडवले तर अर्ज करा, माहितीचा अधिकार वापरा, गरज पडली तर कोर्टात जा. हक्क हा नागरिकाचा असतो, तो चांगले वागून कमवावा लागत नाही. आणि खिदमत अल्लाहसाठी असते, ती हक्काच्या बदल्यात द्यायची लाच नाही. ही दोन खाती वेगळी ठेवली तर दोन्ही कामे नीट होतात.

आता थोडे व्यवहाराचे. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन उचलायची पाळी ठरलेली असते. एकाच माणसावर महिनोन्महिने ती टाकली तर तो कितीही हुशार असो, चुका करू लागतो आणि शेवटी सोडून जातो. म्हणून पाळी बदलते. मोहल्ल्याच्या कामात आपण हे साधे गणित का विसरतो?

प्रत्येक जबाबदारी तीन महिन्यांची करा आणि ती दुसऱ्याला शिकवूनच सोडा. या महिन्यात जमणार नाही, असे म्हणणाऱ्याला टोमणा मारू नका. महिन्यातून एक रविवार देणाऱ्यालाही पूर्ण कार्यकर्ता माना, कारण अल्लाहला आवडणारा अमल तो, जो थोडा असला तरी नियमित असतो. मदत घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही, हा नियम लिहून ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी एक मिनिट थांबून नियत ठीक करा, आणि संपल्यावर एकत्र चहा प्या. भावाकडे हसून पाहणे हासुद्धा सदका आहे, आणि तुमच्या शेजारी घमेले उचलणारा साथी हाही तुमचा भाऊच आहे.

पुढच्या महिन्यापासून अभ्यासिका आणि फॉर्म भरून देण्याची पाळी नव्याने लावायची आहे. नाव देताना घाई करू नका. जेवढे हसत करता येईल तेवढेच घ्या, आणि घेतले की पाळा. अल्लाह आपल्या नियतीत इखलास देवो, आणि आपल्या हातून कोणाचे मन न दुखावता काम घेवो. आमीन.