हॉलची किल्ली

ताराबाई मोडक जन्माने मुंबईच्या, पण बालशिक्षणाचे काम शिकल्या गुजरातेत. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे ना छडी, ना घोकंपट्टी. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये बोर्डी, नंतर कोसबाड. सुरतेहून गाडीने घोलवडला उतरावे, टेकडी तेथून जवळच. वारली पाड्यांत मूल शाळेत येईना, तेव्हा अनुताई वाघांसह त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. साधने म्हणाल तर शिंपले, बिया, पाने.

निवडणूक आली की आपण मराठी शाळांसाठी निवेदने देतो आणि नातवंडे इंग्रजी माध्यमात घालतो. (आम्हीही त्यातलेच!) लिंबायत-उधन्यात खानदेशातून आलेल्या कामगारांची मुले 'आपली' नव्हेत, असे आपल्यातील काही जुनी घराणी अजून म्हणतात. आम्हाला हे साफ अमान्य आहे. नगरसेवकांकडे बालवाडीला जागा जरूर मागू. पण मंडळाचा हॉल रोज सकाळी कुलूपबंद असतो, त्याचे काय? त्याची किल्ली बालवाडीला द्यावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत.