वेबमेल पारखून निवडा



आपल्यातील जी शिकलेली मुले-मुली दुकानदारांच्या, संस्थांच्या वेबसाइट भाड्याने सर्व्हरवर ठेवण्याचा धंदा करतात, त्यांच्यासाठी आजचे चार शब्द. ग्राहकाला वेबसाइटबरोबर ई-मेलही लागते. ती ब्राउझरमध्ये उघडून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे वेबमेल. ते कोणते द्यावे?

एकेकाळी स्क्विरलमेल फार चाले. त्याची १.४.२२ ही आवृत्ती २०११ साली आली. त्यानंतर नवी पक्की आवृत्ती आलीच नाही. सवयीचे आहे म्हणून तेच चालू ठेवणे धोक्याचे.

राउंडक्यूबची देखभाल आजही होते. ते फुकट मिळते आणि २०१९ च्या १.४ आवृत्तीपासून मोबाईलवरही नीट दिसते. पण फुकट म्हणजे बिनजबाबदारीचे नव्हे. जून २०२५ मध्ये त्यात सुमारे दहा वर्षे दडून राहिलेली चूक उघड झाली. एका ग्राहकाचा पासवर्ड हाती लागलेला चोर त्या चुकीतून अख्खा सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. १.५.१० आणि १.६.११ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. पण दुरुस्ती बसवायची कोणी? धंदा करणाऱ्यानेच!

म्हणून नवी आवृत्ती आली का, हे दर आठवड्याला पाहा. आधी बॅकअप घ्या, मगच ती बसवा. ग्राहकाच्या मेलमध्ये कुणाच्या मुलीचे मुलाखतपत्र असते, कुणाची जात पडताळणीची कागदपत्रे असतात. ती सांभाळणे हीच या धंद्यातली सम्यक आजीविका.

केवळ चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते सर्व्हरलाही लागू आहे.