वास गेला म्हणजे वायू गेला नव्हे

रशियाच्या उत्तरेकडील यमाल द्वीपकल्पात 2014 साली हेलिकॉप्टरमधून एक प्रचंड खड्डा दिसला. कडेला माती उधळलेली, आत खोल काळोख. संशोधकांनी तळाची हवा तपासली, तेव्हा त्यात नऊ टक्क्यांहून अधिक मिथेन निघाला. कायम गोठलेल्या जमिनीखाली वायू साठतो, उष्णता वाढली की वरचे बर्फाचे झाकण कमकुवत होते आणि एक दिवस ते उडते. हा वायू नेमका किती खोलून येतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

अकोला-अमरावतीत बर्फ नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. पण मिथेनला बर्फ लागत नाही. शेण, मैला, पालापाचोळा हवेशिवाय कुजला की तो तयार होतो, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडही. यमालमध्ये झाकण बर्फाचे, इथे सेप्टिक टँकवरच्या फरशीचे. पडीक विहिरीला तर झाकणही लागत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशीच बसून राहतो.

9 एप्रिल 2024 रोजी नेवासा तालुक्यातील वाकडी गावात शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता. त्याआधी मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठजवळ सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर दगावले होते.

एकामागोमाग एक का मरतात? हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की काही मिनिटांत नाकच बधिर होते. वास थांबला, म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते. प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. ओरडायलाही वेळ मिळत नाही, त्यामुळे वरच्यांना वाटते, पाय घसरला असेल किंवा चक्कर आली असेल.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अर्धीच खरी आहे. प्राणवायू फार कमी असेल तर ज्योत विझते. हायड्रोजन सल्फाइड मात्र माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत शांतपणे जळत राहते. आणि हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असेल, तर तोच कंदील स्फोट घडवतो. टाकीत काडी ओढून पाहणारे आजही भेटतात.

2013 च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. स्वतःच्याच विहिरीत गाळ काढायला उतरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र कोण अडवणार?

कुणी आत कोसळलाच, तर मागून उतरू नये. 101 आणि 108 ला फोन करावा, पंखा किंवा ब्लोअर लावून बाहेरची हवा आत सोडावी. वर काढलेल्याला प्राणवायू जितका लवकर मिळेल, तितका मेंदू वाचण्याचा संभव जास्त. आणि विहिरीत उतरणे टळतच नसेल, तर दोर आधी कमरेला बांधावा आणि त्याचे दुसरे टोक धरायला वर किमान दोन माणसे असावीत.